रजेवरचे डॉक्टर

रजा ही माणसाने शोधून काढलेल्या सुसंस्कृत कल्पनांपैकी एक असून, तलाठ्यापासून उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींपर्यंत सर्वांना ती यथाधिकार मिळते, हे निर्विवाद आहे. परंतु ज्यास ती कागदोपत्री मंजूर होते आणि प्रत्यक्षात कधीच भोगावयास मिळत नाही, असा एक वर्ग आहे, आणि तो डॉक्टरांचा. रजेवर असलेल्या तलाठ्याजवळ लग्नाच्या पंगतीत कोणी सातबाराचा उतारा मागत नाही (मागितला तरी मिळत नाही, पण तसा तो हजर असतानाही मिळत नसतो), रजेवरील मुन्सफापुढे आगगाडीच्या डब्यात कोणी बांधाची कैफियत मांडत नाही, आणि सुट्टीतल्या मास्तरास तर लोक ओळख दाखविण्याचेही टाळतात. डॉक्टर मात्र जिलबीचा पहिला वेढा मोडतो न मोडतो तोच शेजारच्या पाटावरचा पाहुणा, ज्याचे नाव त्यास ठाऊक नाही परंतु ज्याच्या पोटाचा साद्यंत इतिहास थोड्याच वेळात ठाऊक होणार आहे, पाटासह चार बोटे अलीकडे सरकतो. "जिलबी मला बाधेल का?" हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर येण्यापूर्वी त्याने ती खाल्लेली असते.

स्वदेशातल्या डॉक्टराची ही कथा. मग जो डॉक्टर ईश्वराच्या अथवा माणुसकीच्या नावाने समुद्र ओलांडून परमुलखात दवाखाना थाटतो, ज्यास आपण मिशनरी डॉक्टर म्हणतो, त्याच्या रजेची काय अवस्था असेल, याचा विचार मी चारठाण्यात बसून पुष्कळ केला आहे. चारठाण्यात विचारास सवड पुष्कळ. जिंतूर तालुक्यातले हे गाव यादवांच्या आगेमागे मोठे नांदते असावे. ठायी ठायी कोरीव खांब, पडकी देवळे, पायऱ्यापायऱ्यांची बारव, आणि गावात उभा असलेला तो उंच स्तंभ, ज्याच्या प्रयोजनाविषयी दोन जाणकारांचे आजवर एकमत झालेले मी ऐकले नाही, हे सर्व पाहता येथे एके काळी कामे वेळच्या वेळी होत असत असे मानण्यास जागा आहे. या देवळांना लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात आणि हेमाडपंताच्या खाती चुन्याविना बांधकाम, मोडी लिपी आणि बाजरी इतक्या गोष्टी जमा करतात. त्याच हेमाद्रीने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली, हे मात्र कोणी सांगत नाही. देवगिरीच्या राजाचे दफ्तर सांभाळून, व्रतवैकल्यांचा 'चतुर्वर्गचिंतामणि' रचून, वर वैद्यकावरही लेखणी चालविणाऱ्या या गृहस्थाने उभ्या आयुष्यात रजेचा अर्ज केला असेल असे वाटत नाही, आणि केलाच असेल तर तो मंजूर करणारा अधिकारीही बहुधा तोच असल्याने फेटाळला असेल.

आमच्या गावास मिशनचा बंगला कधी लाभला नाही. निजामाच्या अमदानीत अव्वल तालुकदार परभणीस, तहसीलदार जिंतुरास आणि देव गावात, अशी व्यवस्था होती. गोरा डॉक्टर पाहावयाचा तर जालन्याचा रस्ता धरावा लागे, जेथे स्कॉटलंडच्या मिशनने ठाणे घातले होते आणि जवळच रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी, सालारजंगांच्या काळी निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर, बेथेल नावाची वसाहत वसविली होती. मिशनशी गावाचे असे दुरूनच देणेघेणे असल्यामुळे त्याविषयी लिहिताना माझ्या मनात ना भक्ती आहे ना आकस. माझे कुतूहल एवढेच की, ही माणसे सुट्टीत काय करीत?

यासाठी उत्तम दाखला मिरजेचा. कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने धाडलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली या देशात आले, सांगलीस थोडे दिवस काढून मिरजेस स्थिरावले आणि १८९४ साली त्यांचे रुग्णालय उभे राहिले. त्यासाठी पैसा दिला फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी, ज्यांचा व्यवसाय आगगाडीची इंजिने बांधण्याचा होता. आणि योगायोग असा की मिरज हेही रेल्वेचे जंक्शन, त्यामुळे एका टोकास इंजिनवाल्याचे द्रव्य आणि दुसऱ्या टोकास इंजिनाने ओढून आणलेले रोगी, यांच्यामध्ये वानलेससाहेब चांगली चाळीसएक वर्षे उभे राहिले. मोतीबिंदू, मुतखडे, हर्निया यांची रीघ लागली. वानलेसवाडी या नावाचे एक गावच वसले. १९२८ साली सरकारने 'सर' केले, आणि त्याच सुमारास साहेब निवृत्त होऊन अमेरिकेस गेले. तेथे तरी स्वस्थ बसावे! पण १९३२ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या आपल्या कामावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले आणि दुसऱ्याच वर्षी ते निवर्तले. डॉक्टराची निवृत्ती म्हणजे हातातली सुरी ठेवून लेखणी घेणे. रक्त दोहोंतही निघते, फक्त ते निराळ्या माणसाचे.

अशा मिशनऱ्यांच्या रजेचे नियम समुद्रापलीकडच्या मंडळाने बांधून दिलेले असत. उष्ण मुलखात सलग सातएक वर्षे काढली की वर्षभराची स्वदेशी रजा, हा सर्वसाधारण प्रघात. ऐकावयास किती गोड! परंतु मंडळ हे शेवटी मंडळच. रजेवर आलेल्या डॉक्टराने गावोगावच्या चर्चमधून हिंडावे, दर रविवारी व्यासपीठावर उभे राहून हिंदुस्थानातल्या रोगराईचे वर्णन करावे, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणि तबकात नाणी आणावीत, आणि त्या जोरावर पुढील सात वर्षांच्या मलमपट्ट्यांची तरतूद करावी, अशी त्या रजेची गुप्त कलमे असत. मिरजेस दिवसाकाठी कितीही शस्त्रक्रिया केल्या तरी रोगी भूल घेऊन पडलेला असल्यामुळे तो निदान मध्येच प्रश्न विचारीत नसे; रजेवरील श्रोतृवर्ग मात्र पूर्ण शुद्धीवर असून चहा घेता घेता "तिकडे वाघ रस्त्यावरून फिरतात काय?" याचे उत्तर घेतल्याविना सोडत नसे. बिचारा डॉक्टर रजा संपण्याच्या दिवसाकडे डोळे लावून बसत असेल तर त्यात भक्तीचा भाग किती आणि श्रमपरिहाराचा किती, हे सांगणे कठीण.

याच चर्चमधल्या बायाबापड्या परोपकारबुद्धीने पट्ट्या गुंडाळीत, रोग्यांसाठी अंगरखे शिवीत आणि पेट्या भरभरून धाडीत. पट्ट्या मोलाच्या असत यात शंका नाही. पण उदार माणसाचा हात एकदा पेटीत शिरला म्हणजे तो कोठे थांबेल याचा नेम नसतो, आणि लोकरीचे जाडजूड डगले ऐन वैशाखात दख्खनच्या पठारावर उतरले की ते कोणास घालावेत हा धर्मशास्त्राचा प्रश्न होऊन बसे.

आता कुटुंबाची गोष्ट. साहेबाचे कुटुंब दूर. आईला पत्र लिहावे तर ते आगबोटीने आठवड्यांनंतर पोहोचावे, आणि उत्तर येईपर्यंत ज्या तापाची हकीकत लिहिली तो ताप आणि तो रोगी दोन्ही घरी गेलेले असावेत. उलट त्याच्या रोग्याचे कुटुंब इतके जवळ की दवाखान्यात पाय ठेवावयास जागा नाही. आपल्याकडील मनुष्य एकटा आजारी पडत नाही; ते अशिष्ट समजले जाते. आंतरगळाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या शेतकऱ्याबरोबर त्याची आई, बायको, बायकोचा भाऊ, तान्हे मूल, तान्ह्या मुलास दूध म्हणून शेळी, आणि या सर्वांवर देखरेखीसाठी गावचा एखादा बोलका गृहस्थ येतो. आवारात तीन दगडांच्या चुली पेटतात, भाकऱ्या थापल्या जातात, आणि रोगी शुद्धीवर येतो तेव्हा उशाशी परिचारिका नसून कांद्याची फोड असते. पाश्चात्त्य शिस्तीत वाढलेल्या डॉक्टरांना ही जत्रा प्रथम असह्य वाटत असली पाहिजे. पण पगारी आचारी, पगारी दाई आणि पगारी पहारेकरी यांचे काम हे सोयरेधायरे फुकट करतात हे ध्यानात येताच मिशन रुग्णालयांनी त्यांना सोयीस्कर आसरा दिला. स्वतःच्या आप्तांवाचून राहणाऱ्या माणसाने परक्यांच्या आप्तांत आयुष्य काढावे, हा या व्यवसायाचा विलक्षण मोबदला होय.

उन्हाळ्यात मात्र ही मंडळी डोंगर चढत. महाबळेश्वरची हवा जनरल लॉडविकने १८२४ साली हुंगली आणि पुढे गव्हर्नर माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी बोलणी करून ते ठिकाण पदरात पाडून घेतले. तेव्हापासून एप्रिल-मे लागला की कलेक्टर, कर्नल आणि मिशनरी, हे तिघेही एकाच घाटाने वर जात. दक्षिणेत कोडाईकनाल हे तर मुळात मदुरेच्या अमेरिकन मिशनऱ्यांनीच १८४५ साली वसविले, कारण खालच्या मैदानात पटकीने आणि हिवतापाने त्यांची कुटुंबेच्या कुटुंबे जात होती. तेथे १९०१ साली मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. उत्तरेत मसुरीजवळ लांढूरला वुडस्टॉक शाळा १८५४ पासून होतीच. मुले वर्षाचे कित्येक महिने डोंगरावर, आईबाप मैदानात. उन्हाळ्यात आईबापांनी मुलांकडे पाहुणे म्हणून जावे आणि थंडीत मुलांनी आईबापांकडे. ज्या समाजात मूल आजोळी जाते तेव्हाही आईच्या पदराला धरून जाते, त्या समाजास ही व्यवस्था निष्ठुर वाटेल. पण पटकीच्या साथीत पदर धरून बसण्यापेक्षा ती शहाणपणाची होती, एवढे मान्य करावे लागेल. डोंगरावर तरी विश्रांती मिळावी! तर महाबळेश्वरी नवख्या मिशनऱ्यांसाठी मराठीचे वर्ग भरत. खाली घामाने जीव जाई, वर पंडितजींच्या अनेकवचनांनी.

कौटुंबिक भेट किती महागात पडू शकते याचा उत्कृष्ट दाखला स्कडर घराण्याचा. जॉन स्कडर हे १८१९ साली पूर्वेकडे निघालेले अमेरिकन मिशनचे पहिले डॉक्टर. त्यांचे सात मुलगे याच कामात शिरले, आणि चार पिढ्यांत त्या घरातल्या चाळीसहून अधिक माणसांनी मिशनचे काम केले. आपल्याकडे कुळकर्ण्याचे वतन चालावे तसे. या वतनातून निसटण्याचा एका मुलीने पक्का निश्चय केला होता. इडा स्कडर अमेरिकेत शिकत होती. आई आजारी म्हणून काही दिवसांपुरती तिंडिवनमला आली. एका रात्री तीन घरांतून तीन पुरुष एकामागून एक तिच्या दारी आले. तिघांच्याही बायका प्रसूतीत अडल्या होत्या, पुरुष डॉक्टराचा हात कोणासही चालणार नव्हता, आणि इडेस वैद्यकाचे अक्षर येत नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. ती परत अमेरिकेस गेली ती वैद्यक शिकण्यासाठी, आणि १८९९ साली पदवी घेऊन आली ती कायमची. वेल्लोरचे रुग्णालय, १९१८ साली मुलींचे वैद्यकीय विद्यालय, हा सर्व आईला भेटावयास आल्याचा परिणाम. १९६० साली त्या वारल्या, त्या कोडाईकनालला. म्हणजे डोंगर त्यांना अखेरीस तरी लाभला.

आणि ज्यांनी कुटुंबाची भेट जवळजवळ घेतलीच नाही असे महापुरुष म्हणजे डेव्हिड लिव्हिंग्स्टन. डॉक्टर, मिशनरी, प्रवासी. बायको-मुले स्कॉटलंडात, स्वतः आफ्रिकेच्या सरोवरांत. मुलांशी खेळावयास वेळ काढला नाही याचा पुढे त्यांना पश्चात्ताप झाला, पण तोपर्यंत मुलांचे खेळण्याचे वय निघून गेले होते. त्यांचे आणि आपले नाते अनेकांस ठाऊक नसते. १८६४ साली हा मनुष्य आपली 'लेडी न्यासा' नावाची चिमुकली आगबोट विकण्यासाठी झांजिबारहून अरबी समुद्र ओलांडून थेट मुंबईस घेऊन आला. जुनी वस्तू विकावयास मुंबईस न्यावी, हे आम्हा मराठवाड्याच्या लोकांस अगदी पटते. बरोबरच्या चुमा नावाच्या आफ्रिकन मुलास त्यांनी डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनशाळेत ठेविले, आणि दुसऱ्या फेरीत नाशिकजवळच्या शरणपूरच्या आफ्रिकन वसतिगृहातली मुले आपल्या सफरीसाठी निवडली. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले तेव्हा त्यांचे शव समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत हा चुमा होता, आणि नाशिकच्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट त्या शवाबरोबर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत गेला. साहेबास त्याच्या मायदेशी शेवटच्या रजेवर पोहोचते केले ते नाशिकच्या विद्यार्थ्याने; याची नोंद आपल्या शालेय पुस्तकांत असावयास हरकत नव्हती.

उलट दिशेने गेलेल्या आपल्या माणसांत पहिले नाव आनंदीबाई जोशी यांचे, आणि त्यांच्या प्रवासाचे मूळ एका दुखऱ्या दातात आहे. त्यांच्या पतीने, गोपाळरावांनी, अमेरिकेत नोकरीची सोय पाहण्याविषयी कोल्हापूरकडचे मिशनरी वाइल्डर यांस लिहिले. वाइल्डर तोवर मायदेशी जाऊन मासिक चालवू लागले होते. त्यांनी ते पत्र, तुम्ही आधी ख्रिस्ती व्हा अशा आशयाच्या उत्तरासह, छापून टाकले. ते मासिक दंतवैद्याच्या दिवाणखान्यात आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्या हाती पडले. पाळी लवकर आली असती तर? पण आली नाही, आणि १८८३ साली आनंदीबाई कलकत्त्याहून निघून रोझेल गावी या बाईंच्या घरी उतरल्या, त्यांस मावशी म्हणू लागल्या, व फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. १८८६च्या मार्चात पदवीदानासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या. त्या आनंदीबाईंच्या दूरच्या नातेवाईकच. आणि गोपाळरावही पोहोचले. पत्नीच्या भेटीस गेलेल्या या गृहस्थांनी तिकडच्या लोकांना त्यांच्या समाजाचे दोष व्याख्यानांतून समजावून देण्यास आरंभ केला. अमेरिकनांनी सत्तरएक वर्षांत आपल्याकडे इतके उपदेशक धाडले होते की आपला एक तिकडे गेला यात काही गैर नव्हते. फक्त यजमानीण मावशीच्या मनाची काय स्थिती झाली असेल, या विचाराने अंगावर काटा येतो.

हे सर्व मी इतक्या तपशिलाने वाचले याचे कारण घरगुती आहे. माझा भाचा डॉक्टर असून मलावी देशात, म्हणजे लिव्हिंग्स्टनच्या त्या न्यासा सरोवराच्या मुलखात, एका मिशनच्या रुग्णालयात काम करतो. तो निघाला तेव्हा त्याच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, जो विरोध केला त्याला शांतारामबापू जबाबदार आहेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांत होते. वडील वारल्याची बातमी तिकडेच कळली तरी ते परतले नाहीत, तिकडच्याच परिचारिकेशी विवाह केला, मुलाचे नाव इनहुआ, भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या नावांतून जोडलेले, ठेवले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच गेले. बाकीचे चौघे परत आले. या माणसापुढे थट्टा थांबते. पण शांतारामबापूंनी त्यांच्यावर काढलेला १९४६ सालचा चित्रपट आमच्या बहिणीने कधीतरी दूरदर्शनवर पाहिलेला होता, आणि तिच्या मनात त्यातला त्याग न राहता फक्त सून राहिली होती. "गरिबाची सेवा कर, नाही कोण म्हणतंय," ती म्हणाली, "पण तिकडची करू नको लेकरा." मुलाने वचन दिले. अद्याप पाळले आहे.

त्याच्या रजेची गंमत अशी की मलावीत पावसाळा नोव्हेंबरापासून एप्रिलपर्यंत आणि हिवतापाचा कहर त्याच दिवसांत, त्यामुळे दिवाळी, नाताळ, संक्रांत, हुरडा यांपैकी एकही गोष्ट त्याच्या वाट्यास येत नाही. रजा मिळते ती मे महिन्यात. जुने मिशनरी मे महिन्यात मैदान सोडून डोंगरावर जात. हा आपल्या थंड, हिरव्या टेकडीवरचा बंगला सोडून परभणी जिल्ह्याच्या उन्हात येतो, जेथे दुपारी कावळादेखील सावलीत बसूनच ओरडतो. मुंबईहून देवगिरी एक्सप्रेसने सेलू, सेलूहून गावी. आणि वाड्याच्या ढाळजेत त्याची बॅग टेकण्यापूर्वी तेथे मंडळी बसलेली असते.

ही मंडळी रोगी नसतात. रोगी परभणीस, औरंगाबादेस अथवा हैदराबादेस जाऊन तपासून आलेले असतात आणि ज्याने त्याने औषधही सुरू केलेले असते. येथे येण्याचा हेतू, त्या डॉक्टरांची परीक्षा परदेशी डॉक्टराकडून करून घ्यावी, हा असतो. प्रत्येकाच्या हाती कापडदुकानाची पिशवी, पिशवीत एक्सरे. बहुतेक एक्सरे माळवदावरच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षे जपलेले, एखादा तर ज्याचा तो त्याच्या पश्चातही. भाचा तो उजेडाकडे धरून पाहतो, आणि सभोवारची दहा माणसेही माना वर करून पाहतात. "गुडघा दुखायलाय," एक म्हणतो. "हा छातीचा फोटो आहे, आजोबा." "तेच तर, गुडघ्याचा काढलाच न्हाई त्यांनी." यावर वैद्यकशास्त्रात उत्तर नाही. औषध लिहून द्यावे तर कोणी घेत नाही, कारण तिकडच्या गोळीची अपेक्षा असते. मलावीतल्या औषधांचा मोठा भाग भारतातच तयार झालेला असतो असे त्याने एकदा सांगून पाहिले, तेव्हा गावात त्याच्या शिक्षणाविषयीच शंका निर्माण झाली.

लग्नसराईने तर कळस होतो. जिंतूरच्या बसमध्ये एकदा शेजाऱ्याने काय करता म्हणून विचारले तेव्हा जिवाच्या कराराने त्याने सांगितले की मी जनावरांचा डॉक्टर आहे. दुसऱ्या दिवशी उजाडताच वाड्यासमोर एक म्हैस उभी. मालक चार कोस चालून आला होता, म्हशीस दोन दिवस रवंथ नव्हते, आणि नाही म्हणण्याची सोय भाच्याने स्वतःच नाहीशी केली होती. त्याने जिंतूरच्या पशुवैद्यांस फोन लावून सांगतील तसे केले, म्हैस बरी झाली, आणि पुढल्या रजेपासून ढाळजेत माणसांसाठी एक बाजू व जनावरांसाठी दुसरी, अशी विभागणी झाली. रजा संपवून तो परत गेला तरी सुटका नाही. मोबाईलवर गावाकडून जिभा, पुरळ आणि लेकरांचे घसे यांची छायाचित्रे जात असतात, कधी कधी फोटो कशाचा आहे याचा खुलासा न करता.

शेवटी हा मुलगा सुकत चालला असे पाहून माझी थोरली बहीण, जिला सारे गाव आक्का म्हणते, तिकडे जाण्यास निघाली. आयुष्यात तिचा लांबचा प्रवास पंढरपूरपर्यंतचा. येसर, कारळाची चटणी, कुरडया, सांडगे आणि ज्वारीचे पीठ यांनी वजनाची मर्यादा गाठल्यावर उरलेल्या जागेत तिचे कपडे बसले. आफ्रिका म्हणजे ऊन, अशा समजुतीने तिने एकही स्वेटर घेतला नाही, आणि जून-जुलैत मलावीच्या टेकड्यांवर थंडी पडते हे तिला अदिस अबाबाचे विमान बदलून तिकडे उतरल्यावर समजले. भाच्याच्या मिशनने धर्मादाय पेटीतून तिला एक जाडजूड लोकरीचा डगला दिला. डगल्यांचा शास्त्रार्थ अखेर तेथे लागला म्हणावयाचा.

भाच्यास धास्ती होती की तिला करमणार नाही. पण तिकडच्या रुग्णालयांतही रोग्याबरोबर घरची माणसे येऊन राहतात, त्यांच्यासाठी आवारात स्वतंत्र निवारा असतो, तीन दगडांच्या चुली असतात, आणि बायका मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा रटरटत ठेवून भाजीत शेंगदाण्याचे कूट घालतात. आक्काने पहिल्याच सकाळी हे दृश्य पाहिले आणि मिरजेच्या आवारातल्या शेतकऱ्याच्या आईप्रमाणे निर्धास्तपणे जाऊन बसली. भाषा कळत नव्हती. कूट कळत होते. आठवड्याभरात तिला प्रत्येकीच्या लेकरांची संख्या, सासूचा स्वभाव आणि रोग्याचा ताप चढता की उतरता, हे सर्व ठाऊक झाले, आणि राउंडच्या वेळी भाचा वॉर्डात शिरण्यापूर्वी ती त्याला बाजूस घेऊन सांगू लागली की तिसऱ्या खाटेवरचा काही खाईना, त्याला आधी बघ.

परंतु तिचे खरे कार्य निराळे. भाच्याच्या बंगल्याच्या पायरीवर, तो डगला अंगात घालून, दुपारी जेवणानंतर ती वाती वळीत बसे. कोणी आले की हात न थांबविता म्हणे, "डॉक्टर झोपलाय. लई निकड असंल तर बोला, न्हाई तर चारला या." हे शुद्ध चारठाण्याच्या बोलीत. निकड असलेला मनुष्य तिला चेहऱ्यावरून ओळखू येई व त्यास ती हाताला धरून आत नेई. बाकीचे, एक अक्षरही न कळता, चारला येत. मंडळाने दिलेल्या, सरकारने शिक्का मारलेल्या कोणत्याही रजेत जे त्या मुलास मिळाले नव्हते ते त्या दोन महिन्यांत रोज दुपारी मिळाले, आणि त्याचे वजन वाढले.

ती परत आली त्याला आता वर्ष होत आले. परवा तिकडच्या मेट्रनबाईंचा निरोप भाच्यामार्फत आला: येत्या जुलैत डॉक्टर रजेवर गेले तरी चालेल, त्यांच्या जागी तात्पुरता माणूस मिळतो, आक्का केव्हा येणार तेवढे कळवावे. आक्काने निरोप ऐकला आणि तारीख विचारली, ती आमच्याकडच्या पेरणीत येते की काय एवढ्याचसाठी.